तुळसाबाईसाहेबांच्या दंडावरील गुंडीची रुजुवात

हकिकत ऐसी जे, शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, वऱ्हाड प्रांती, जिल्हे वाशीम, तालुके रिसोड, गावाच्या पूर्वअंगास दीड एकर वांगी-मेथीच्या मळ्यात जी मोहीम जाली, तीत हत्ती नव्हते, घोडे नव्हते, तोफा तर नव्हत्याच. एक सुई होती, दोन यंत्रे होती आणि एक बोट होते. परंतु लढाई लहान म्हणून कागद लहान करावा ऐसा दस्तूर नाही. मोठ्या मोहिमांस लिहिणारे बहुत मिळतात. बोटाच्या मोहिमेस कोण मिळणार? सबब जे घडले ते घडले तैसे, आणि जे बोलले गेले ते बोलीसुद्धा, पदरची साखर न घालता लिहिले आहे. वाचणारांनी हसावे, हरकत नाही. मात्र अर्ध्यावर उठून जाऊ नये.

या मुलखी मधुमेह नामे गनीम कदीम, म्हणजे बहुत जुना आहे. लोक त्यास शुगर म्हणतात, आणि घरी येऊन राहिलेल्या हट्टी पाहुण्याचे नाव घ्यावे तैसे सहज घेतात. त्याची चाल ढोल वाजवीत येण्याची नव्हे. आधी तहान लागते, मग तळपाय जळजळतात, मग सुईत दोरा ओवेनासा होतो, आणि मग एके दिवशी कळते की किल्ल्याच्या चाव्या बारा वर्षांपूर्वीच त्याच्या कमरेस गेल्या. मळ्याचे धनी चंपतराव यांजवर त्याने प्रथम स्वारी केली आणि मागाहून त्यांच्या कुटुंबावर, म्हणजे मातुश्री तुळसाबाईसाहेबांवर. दोघेही सकाळी एका चटईवर बसून एकमेकांच्या बोटाला सुई टोचीत आणि आकडा वहीत लिहीत, आणि मग तो वांगी तोडावयास जाई आणि ती मेथीच्या जुड्या बांधावयास.

गेल्या श्रावणात, वद्य षष्ठीस, चंपतराव दोन प्रहरी वांग्याच्या वाफ्यात बसले ते उठले नाहीत. घाम बहुत सुटला होता इतके शेजारच्या मळेकऱ्याने पाहिले. सकाळचा आकडा वहीत होता. दुपारचा कोणापाशीच नव्हता. त्या दिवसाचे याउपर लिहावयाचे नाही.

चंपतरावांची एकुलती कन्या राजश्री सुप्रियाबाई, वय वर्षे बेचाळीस, मुक्काम वाशीम, कचेरीत चाकरी आणि दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे संस्थान. तेरावे उरकले आणि बाईंनी मातुश्रींकडे मसलत मांडली की मळा बटईने द्यावा आणि वाशीमास चालावे. एकल्या जिवाने इन्सुलिनची सुई, गनीम आणि दीड एकर हे तिन्ही सांभाळणे शहाणपणाचे नाही. त्यावर मातुश्रींचा जबाब आला तो येणेप्रमाणे:

"दुसऱ्या मजल्यावर मी काय करू व? वांगे काय पायऱ्या चढून येतीन मले भेटाले?"

मग तीन महिने खलित्यांची लढाई चालली. रोज सायंकाळी फोन वाजे, आणि रोज एकाच गडावर दोन्ही सैन्ये चढत आणि दोन्ही उतरत. सुप्रियाबाईंच्या मनी काय होते ते त्यांनी कोणास सांगितले नाही. परंतु दोन प्रहरचे बारा वाजले म्हणजे कचेरीत त्यांचा हात थांबे, आणि एक वाजेतो त्यांच्या हातून एकही कागद पुरता होत नसे, हे त्यांच्या शेजारच्या टेबलाने पाहिले आहे.

शेवटी तह जाला. मध्यस्थी शेजारमुलखाच्या अमीनाबी यांची. या बाई किराणा व्यापाऱ्याच्या घरच्या. तीस वर्षे रोज सकाळी मळ्यावर भाजी घेण्यास येत आणि भाजीपेक्षा बोलणे अधिक घेऊन जात. तहाची कलमे ऐसी ठरली की, बाजारात नवे यंत्र आले आहे, दंडावर चिकटविले असता दर पाच मिनिटांस साखरेचा आकडा मोबाईलावर धाडते, ते मातुश्रींच्या दंडी बसवावे आणि तोच आकडा वाशीमास बाईंच्या मोबाईलावरही उमटावा. परंतु नव्या चाकराचा इतबार काय, म्हणून त्याचा आकडा जुन्या बोट टोचण्याच्या मशीनशी ताडून रुजुवात घालावी. दत्तजयंतीच्या दिवशी दोहोंत विसाच्या आत तफावत राहिली तर मातुश्रींनी मळ्यात सुखे राहावे आणि बाईंनी पुन्हा वाशीमाचे नाव काढू नये. न राहिली तर मातुश्रींनी बिनतक्रार पिशवी भरावी. आणखी एक कलम मातुश्रींनी आपल्या हाताने घातले की बोटास सुई दिवसातून एकदाच, सकाळी, नाहीपेक्षा तह रद्द. दहा बोटे आठ वर्षे टोचून चाळणी जाली होती, सबब हे कलम कोणी खोडिले नाही.

बाईंनी रजा काढली आणि चंपाषष्ठीस रिसोडी दाखल जाल्या. त्या दिवशी अवघ्या गावास वांग्याचे भरीत लागते, म्हणून मातुश्रींनी फर्माविले की पहिले वांगे, मग गुंडी. वस्त्रावरच्या बटणास इकडे गुंडी म्हणतात, आणि दंडावरचे ते यंत्र तितकेच गोल आणि तितकेच लहान, म्हणून मातुश्रींनी पाहता क्षणी त्याचे नाव ठेविले ते कायम जाले. चौथ्या प्रहरी मेडिकलवाले मुकेशराव मोटारसायकलीवर स्वार होऊन आले. तालुक्यात हे काम यांसच ठावे. त्यांनी हात धुतले, डबी उघडली, स्पिरिटाचा बोळा फिरविला आणि म्हणाले:

"काकू, हात ढिला सोडा."

"ढिलाच हाय. तूच थरथरून राह्यला."

खट् ऐसा आवाज जाला.

"झालं?"

"झालं."

"आता गं माय! एवढ्यासाठी सुटी काढली व तू?" ऐसे मातुश्री कन्येस बोलिल्या, आणि पदर सावरून मेथीकडे गेल्या.

येणेप्रमाणे दंडाच्या ठाण्यावर खबरा लिहिणारा वाकेनवीस नेमिला गेला. मुकेशरावांनी जाताना हुकूम सांगितला की नवा कारकून पहिले दिवशी कागद चुकवितोच, म्हणून एक दिवस त्यास बोलू द्यावे परंतु त्याचे ऐकू नये. मग सकाळी उपाशीपोटी, आकड्याशेजारचा बाण सपाट, म्हणजे साखर चढती-उतरती नसता, बोट टोचून मशीनचा आकडा मोबाईलात भरावा, म्हणजे गुंडी त्यावरून आपली चूक सुधारते. डॉक्टरसाहेबांचा पूर्वीचा हुकूम होताच की सकाळचा आकडा दोनशेवर गेला तर इन्सुलिन दोन युनिट अधिक.

अष्टमी, शुक्रवार, प्रातःकाळ. बाई उठून पाहतात तो मातुश्री स्नान करून, ओले केस पाठीवर टाकून चटईवर बसलेल्या, पुढे मशीन, पट्टी आणि सुई मांडलेली. वाकेनविसाने आकडा सांगितला एकशे बेचाळीस. बाण सपाट. बाईंनी मातुश्रींचे बोट स्पिरिटाने पुसले, सुई टोचली, थेंब पट्टीस लाविला आणि श्वास धरून बसल्या. मशीनने पाच मोजले आणि सांगितले दोनशे अडतीस.

बाईंनी मुकेशरावांस फोन लाविला. त्यांनी विचारिले, हात धुतले होते काय? मातुश्री फोनात तोंड घालून म्हणाल्या, "आताच आंघोळ करून आली नं मी! हात काय घरी ठेवून आंघोळीले गेली होती?" मुकेशरावांनी निवाडा दिला की मशीन कदीम आहे, तिचेच खरे, गुंडीस दोनशे अडतीस भरवावे. बाईंनी भरविले. गुंडी बिचारी चाकर. धन्याने सांगितले तर पाण्यास दूध म्हणावे हा तिचा धर्म. ती हळूहळू वर चढली आणि दोनशेच्या पुढे जाऊन उभी राहिली. आणि आकडा दोनशेवर म्हणून दोन युनिट अधिक टोचले गेले, आणि मातुश्री भाकर खाऊन वांग्यात गेल्या.

त्याच दिवशी दोन प्रहर चढत असता सुप्रियाबाई ओट्यावर मोबाईल घेऊन बसल्या होत्या. आकडा एकशे एकोणचाळीस, बाण सपाट. ऐसा सुरेख आकडा की चौकट करून भिंतीस लावावा. बाईंनी प्रथमच, श्रावणापासून प्रथमच, बाराच्या सुमारास घोटभर चहा सुखाने घेतला. मग त्यांनी सहज मळ्याकडे पाहिले. वांग्याच्या वाफ्यात मातुश्री बसल्या होत्या.

मळेकरी माणूस वाफ्यात बसतोच. निंदावयास बसतो, वांगे पाहावयास बसतो. परंतु बाई चहा सांडून धावल्या. पाहतात तो मातुश्रींच्या कपाळी घाम, ओठ पांढरे, हात थरथरतात. ठिबकाच्या नळीतून पाण्याची धार लागली होती आणि मातुश्री तीत हात धरून बसल्या होत्या.

"काही नाही व. गरगरून राह्यलं जरासं."

"मोबाईल तं एकशे एकोणचाळीस दाखवते, माय!"

"मंग त्याले गरगरत नसन."

त्या समयी अमीनाबी भाजीची पिशवी घेऊन बांधावर होत्या. त्यांनी मसलतीस वेळ न लाविता पिशवीतले केळे सोलून मातुश्रींच्या तोंडी दिले आणि बाईंस आज्ञा केली की उभी काय राहतेस, साखरपाणी आण, मशीन आण. बाई दोन्ही घेऊन आल्या. तहाचे कलम मोडून बोट दुसऱ्यांदा टोचले. चौसष्ट.

साखरपाणी पोटी गेले. पाव घटकेने ओठांस रंग आला. मग मातुश्री उठल्या, लुगड्याची माती झटकली आणि तोडलेल्या वांग्यांची टोपली उचलू लागल्या. अमीनाबींनी टोपली हिसकली. सुप्रियाबाई मात्र वाफ्यातच बसून राहिल्या होत्या, मोबाईल हाती धरून, आणि त्यावर आकडा तेव्हांही सुरेखच होता.

याउपर छावणीत शिकस्तीची कळा आली. सकाळी मशीन वर आणि गुंडी खाली; दुपारी गुंडी वर आणि मशीन खाली. दोघांतून फितूर कोण, हे ठरेना. बाईंनी डॉक्टरसाहेबांस हकिकत कळविली. हुकूम आला की रुजुवात मिळेतो अधिक युनिट बंद, नेहमीचे तेवढे चालवावे, मोबाईलात आकडा भरू नये, आणि जिवास कैसे वाटते त्याकडे लक्ष द्यावे. दुसरे दिवशी मुकेशराव नवे कोरे मशीन घेऊन भल्या सकाळी हजर जाले. नव्या मशीनची परीक्षा प्रथम त्यांनी आपल्या बोटावर घेतली: अठ्ठ्याण्णव. मग अमीनाबींनी बोट पुढे केले, डोळे मिटले आणि सुई लागण्याआधीच ओरडल्या: एकशे सतरा. मग मातुश्रींचे बोट, स्पिरिटाने पुसून: दोनशे अठ्ठावन्न. जुने मशीन आणिले: दोनशे बासष्ट. दोन्ही साक्षीदार एक बोलले.

"काकू," मुकेशराव कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "मशीन खरी हाय. तुमचं बोटच खोटं बोलून राह्यलं."

"माह्यं बोट? चाळीस वर्षं मेथी खुडून राह्यलं ते. तुह्या मशीनीनं एक जुडी तरी बांधली काय रे?"

अमीनाबी म्हणाल्या, "तेच बोट काहून टोचता? दूसरी उंगली देखो. घरात एक जण झूट बोलतो म्हणून सगळं खानदान थोडीच बोलतं!"

ही मसलत सर्वांस पसंत पडली आणि बोटांची चौकशी सुरू जाली. रविवारी डाव्या हाताची अनामिका: दोनशे एकवीस. सोमवारी उजव्या हाताचे मधले: दोनशे चौऱ्याहत्तर. मंगळवारी करंगळी, जी गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात: एकशे शहाण्णव. टोचलेल्यांतून एकही बोट गुंडीशी मेळ खाईना, आणि आपसांतही खाईना. ऐसे बेदिल लष्कर कोणत्या सरदाराने पाहिले नसेल.

मग मंगळवारी सायंकाळी सुप्रियाबाईंनी माळ्यावरून मोठी पिशवी काढिली आणि झटकून ओट्यावर ठेविली. मातुश्रींनी पिशवीकडे पाहिले. तह त्यांनी स्वमुखे मान्य केला होता आणि दिलेला शब्द मोडण्याची या घरी चाल नाही. त्यांनी दोन लुगडी घडी करून पिशवीत घातली, आणि मग अमीनाबींस बोलावून मोटरपंपाच्या खोलीची किल्ली दिली.

"मेथीले एक दिसाआड पाणी. वांग्यावर कीड आली तं लिंबोळीचं पाणी भिजू घातलं हाय मांगं, गाळून मार."

"भाबी, मले शेती येते काय? मी तं निवडलेली भाजी नेणारी."

"शिकशीन. मी काय पोटातून शिकून आली होती?"

मग मातुश्री प्रत्येक वाफ्याच्या तोंडी जाऊन जरा जरा उभ्या राहिल्या. सुप्रियाबाईंनी ते ओट्यावरून पाहिले. त्यांस जिंकल्यासारखे वाटावयास हवे होते. आपली आई आता आपल्या डोळ्यांपुढे राहील, आणि कोण्या बारा वाजता कोण्या वाफ्यात ती एकटी बसणार नाही, याहून त्यांस काय हवे होते? तरी त्यांनी मान फिरविली.

त्रयोदशी, बुधवार. जयंतीस एक दिवस बाकी. बाई रोजच्याहून आधी उठल्या. मातुश्री न्हाणीत होत्या, पाण्याचा आवाज येत होता. बाईंनी म्हटले, आज मांडामांड आपण करावी. मशीनची पिशवी भिंतीतल्या देवळीत असे. ती उघडून पाहतात तो आत मुंग्या.

दोन-चार नव्हेत, फौज. सुईच्या पेनावर मुंग्या, पट्ट्यांच्या डबीच्या झाकणावर मुंग्या, मशीनच्या त्या बटणावर मुंग्या जे बोटाने दाबावे लागते. काळ्या, बारीक, एकामागे एक; आणि बंदोबस्त ऐसा की जाणारी येणारीस मुजरा केल्याशिवाय पुढे जात नव्हती. बाईंनी प्रथम झटकावयास हात उचलिला, आणि मग खाली केला. पाच दिवस डॉक्टर, मेडिकलवाले आणि दोन यंत्रे यांस जो माग लागला नाही तो या पायदळाने काढिला असावा, ऐसे त्यांच्या चित्तात आले. कारण मुंगी पट्टी खात नाही, सुई खात नाही. मुंगी साखरेशिवाय मोहिमेस निघत नाही.

बाई त्या रांगेच्या मागावर उलट चालल्या. रांग पिशवीतून देवळीच्या कडेस गेली, कडेवरून भिंतीस लागली, भिंतीवरून वर चढली, आणि चंपतरावांच्या तसबिरीच्या मागे गुप्त जाली. बाईंनी तसबीर दोन बोटे पुढे केली. मागे खुंटीच्या फळीवर, कागदाच्या चतकोरावर, सुपारीएवढा गुळाचा खडा ठेविला होता. त्याखाली जुन्या खड्यांचे डाग, एकावर एक.

पाण्याचा आवाज थांबला. मातुश्री ओले केस घेऊन दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या मुठीत आजचा खडा होता.

येथे मागील एक हकिकत सांगणे जरूर. चंपतरावांस गनीम भेटल्यापासून या घरी गुळाचा डबा कुलपात असे, आणि तो हुकूम सुप्रियाबाईंचा. दर रविवारी बाई वाशीमाहून येत आणि चहाच्या आधी बापाचा सदरा झटकीत. खिशात खडा निघाला म्हणजे तो कोंबड्यांपुढे टाकीत. आणि चंपतराव, ज्यांनी मळ्यात दोन वेळा नाग मारिला आणि एकदा चालत्या ट्रॅक्टरावरून उडी टाकून बैल वाचविला, ते लेकीसमोर कान धरून उभे राहत आणि म्हणत, "एवढूसाच होता व." नऊ वर्षे हे चालले. औषध बरोबर होते. हिशेबही बरोबर होता.

"हे काय, माय?" बाईंनी विचारिले.

मातुश्रींनी मूठ लपविली नाही. "रोज देतो मी त्याले. आंघोळ झाली का पहिलं त्याले. त्या दिवशी जेवाले आलाच नाही तो. मी वाट पाहून राह्यली होती, त्याच्या ताटात मीच एवढासा गूळ ठेवला होता, तुले न सांगता."

"मंग आता काहून लपवला?"

"तुले सांगतलं असतं, तं तू हा बी उचलून नेला असता."

अंगणात कोंबडी ओरडली, रस्त्यावरून वाशीमाची पहिली एस.टी. गेली. मग बाईंनी पुढे होऊन मातुश्रींचा हात आपल्या हाती घेतला, मूठ उघडिली, आणि खडा न घेता तिची बोटे एकेक करून पाहू लागल्या. अंगठा चिकट. तर्जनी चिकट. मधले चिकट. खडा दोन्ही हातांनी फोडावा लागतो, म्हणून दुसरा हातही चिकट. करंगळीस तेवढी झळ थोडी.

"गूळ ठेवल्यावर हात धुते काय तू?"

"कायले? देवाधर्माचा हात. पदराले पुसतो."

आणि मग त्या पुसल्या हाताने मातुश्री मशीन मांडीत, आणि त्यावर स्पिरिटाचा बोळा एकवार फिरे, आणि स्पिरिटाने रंग जातो, मळ जातो, गुळाची चिकटाई मात्र जागीच राहते. आणि रक्ताच्या थेंबात तो गूळ मिसळे आणि मशीन इमानाने दोन्ही मोजी. दुपारी वाफ्यात ठिबकाच्या धारेने हात धुतला गेला होता, म्हणून तेवढा चौसष्ट आकडा खरा. मशीन फितूर नव्हते. गुंडी फितूर नव्हती. तिला लबाडी शिकविली गेली होती. बोटही खोटे बोलत नव्हते.

मग रुजुवातीची खरी लढाई जाली. खडा ताटलीत झाकून ठेविला. चुलीवरचे कोमट पाणी घंगाळात ओतिले. सुप्रियाबाईंनी साबण घेतला आणि मातुश्रींचे दोन्ही हात स्वतः धुतले. मनगटापासून नखांपर्यंत, बोटाच्या पेरापेरातून, जेथे मेथीचा हिरवा डाग चाळीस वर्षे बसला आहे आणि कोण्या साबणाने निघणार नाही तेथेही. मातुश्री म्हणाल्या, "लहानपणी मी तुह्ये एवढे धुतले नव्हते." बाईंनी धुणे थांबविले नाही. मग कोरड्या धडप्याने टिपले, बाण सपाट होईतो वाट पाहिली, आणि सुई टोचली.

गुंडी: एकशे एक्याऐंशी. मशीन: एकशे अठरा.

बाईंनी एकशे अठरा मोबाईलात भरिला. तेवढ्यात अमीनाबी मेथीस पाणी देण्याचे शिकावयास आल्या, आणि घरात शिरताच त्यांस सर्व हकिकत कळली, कारण या घरी त्यांच्यापासून काही राहत नाही. त्यांनी तसबिरीकडे पाहिले, मुंग्यांकडे पाहिले, आणि तोंडास पदर लावून हसत सुटल्या.

"या अल्ला! मतलब पाँच दिन आपण चंपतभाईची शुगर मोजून राह्यलो होतो!"

मातुश्री हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांस पाणी आले आणि त्यांनी ते धुतल्या हाताने पुसले. सुप्रियाबाईही हसल्या; श्रावणापासून पहिल्याने. मग तिघी जणी एका मोबाईलापुढे डोकी मिळवून बसल्या आणि गुंडी पायरी पायरी उतरू लागली: एकशे साठ, एकशे त्रेचाळीस, एकशे एकतीस, एकशे सव्वीस. तेथे ठरली. मातुश्रींनी खास मेहेरबानीने बोट आणखी एकदा दिले. मशीन: एकशे एकवीस. तफावत पाच.

मुकेशरावांस फोन गेला. ते म्हणाले, "काकू, तुमी आंघोळीचं सांगतलं, गुळाचं नाही सांगतलं!" मातुश्री म्हणाल्या, "तू विचारलं कुठी?" आणि फोन ठेविला.

दुसरे दिवशी, पौर्णिमा, गुरुवार, दत्तजयंतीस शेवटची रुजुवात जाली. हात साबणाने धुतलेले, बाण सपाट, साक्षीस अमीनाबी. गुंडी एकशे चोवीस, मशीन एकशे एकोणीस. तह पुरा जाला. सुप्रियाबाईंनी ओट्यावरची पिशवी उघडिली, दोन लुगडी काढून दोरीवर टाकिली आणि पिशवी झटकून माळ्यावर ठेविली. त्याच वेळी नवा दस्तूर ठरला की यापुढे आधी साबण, मग बोट, आणि गूळ त्यानंतर. आणि ताटलीत ठेवावा, उघडा, तसबिरीच्या पुढे. मागे नव्हे.

त्या दिवशी मातुश्री गुळाच्या डब्यापाशी बसल्या आणि हात मागे घेऊन म्हणाल्या, "आज तू दे."

बाईंनी ढेपेचा तुकडा घेतला आणि हाताच्या नऊ वर्षांच्या सवयीने मुगाच्या दाण्याएवढा कण मोडून ताटलीत ठेविला. मातुश्रींनी पाहिले.

"मोठा ठेव व. त्याची आता कोण मोजते?"

बाईंनी तो कण उचलला. ढेप दोन्ही हातांनी धरून फोडिली, आणि चांगला सुपारीएवढा खडा निवडून बापापुढे ठेविला, आणि हात पुसले नाहीत. तैशाच चिकट हाताने चार वाजताची एस.टी. धरून वाशीमास गेल्या.

येणेप्रमाणे दत्तजयंतीच्या मुहूर्ती मौजे रिसोड येथे फत्ते जाली. गनीम मेला नाही, तो मरणारा नव्हे. परंतु त्याच्या हालचालीची खबर आता दोन्ही ठाण्यांस खरी पोचते. लढाईत जे मिळाले त्याची वाटणी जाली ती अशी. मातुश्री तुळसाबाईसाहेब यांजकडे मळा दीड एकर, घर, ओटा, पंपाची किल्ली आणि दहा बोटे निर्दोष म्हणून बहाल. राजश्री सुप्रियाबाई यांजकडे आकडा दर पाच मिनिटांस एक, दोन प्रहरचे बारा ते एकचे धरून. कैलासवासी चंपतराव यांजकडे गूळ सुपारीएवढा, रोज एक खडा, बिनमोजणी, पुढे चालू. यास कोणी हरकत करू नये.